दुसरी किल्ली कुणाकडं?

चंद्रामावशीनं माझ्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटला आणि म्हणाली, "उत्कर्षे, मला ईमेल काढून दे. पर तुज्या त्या वहीत लिवायचं न्हाई."

मला आला राग. ती वही म्हणजे माझ्या दुकानाची अब्रू. पौड रोडला, भुकूमच्या स्टॉपसमोर माझं इंटरनेटचं दुकान होतं, लेकीच्या नावानं, 'जुईली नेट'. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि काउंटरवर दोरीनं पेन बांधलेली लांबडी वही. गावातली माणसं ईमेल काढायची आणि पासवर्ड तिथल्या तिथं माझ्या गळ्यात मारायची. "वहिनी, तुमीच लिवून ठेवा, माज्या ध्यानात न्हाई ऱ्हायचं." दूधवाल्यापासून प्लॉटच्या एजंटापर्यंत निम्म्या गावाचे पासवर्ड त्या वहीत होते आणि वही दिवसभर उघडी. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मला तर नव्हतंच नव्हतं.

"का? माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं.

"तुज्यावर हाय. वहीवर न्हाई."

हे झालं २००६च्या दिवाळीनंतर. मावशी म्हणजे आमची घरमालकीण. माझा नवरा दयानंद उरवड्याच्या एका कारखान्यात लागला म्हणून आम्ही इस्लामपूर सोडून इकडे आलो आणि तिच्या अकरा खोल्यांपैकी एकीत राहिलो. दुकानाचा गाळाही तिचाच. भूगावकडची थोडी जमीन बिल्डरला दिली, त्यातून या खोल्या उठल्या. बांधल्या तिच्या नवऱ्यानं, हैबतरावांनी, पण चालवायची ती. सातवी शिकलेली बाई. कागद बघितल्याशिवाय भाडेकरूला पायरी चढू द्यायची नाही. आणि प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली तिच्या कमरेला. मी एकदा त्यावरून तोंड सोडलं होतं, तर म्हणाली, "मी कवा उघडत न्हाई. पर उघडू शकते, ह्ये तुमाला ठावं असलेलं बरं." मला ते त्या वेळी फार लागलं होतं.

हैबतराव माणूस वाईट नव्हते, पण कानाचे हलके. त्यातून हैदराबादचा सॉफ्टवेअरवाला जावई मिळालेला. "आमचे रोहितराव" म्हणताना त्यांची छाती दोन इंच फुगायची. एकुलती एक लेक गौतमी, बी. कॉम. झालेली, तिचं लग्न मे महिन्यात झालं होतं. तिचा बायोडाटा मीच टाइप केला होता. शंभर प्रती काढल्या, कोपऱ्यात गणपती, खाली गुलाबाची वेल. लई नावाजला होता तो बायोडाटा.

"कुणाला लिहायचंय ईमेल?" मी विचारलं. मावशीनं मागं वळून बघितलं. दुकानात कुणी नव्हतं. तिनं दार ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

दिवाळसणाला जावई आणि लेक आले होते. दोन दिवस रोहित बायकोला सोडून हलला नाही. ती पाणी प्यायला उठली तरी हा मागं. पण पहाटेच्या अभ्यंगाला तरी पुरुषमाणूस कसा येणार? मावशीनं लेकीच्या पाठीला तेल लावायला पदर सारला आणि तिचा हात थांबला. पाठीवर लाटण्याचे वळ होते, जुने पिवळे आणि नवे निळे.

"मी म्हनलं, आता जायचं न्हाई. बाहेर जाऊन त्याला हाकलतेच. तर पोरीनं माजा हात धरला. म्हनली, आई, माजी समदी सर्टिफिकिटं त्याच्या कपाटात कुलपात हायेत. ती घेतल्याबिगर मी आले, तर जलमभर कुनाच्या तरी दारात उभी ऱ्हाईन. मला कागदं काढू दे, मग येते. पर फोनवर बोलू नगंस, फोन तो समद्यांना ऐकू येईल असा ठेवतुया. माजं ईमेल त्यानंच काढलंय, तोच वाचतुया. म्या शाळेत नोकरी करते तितं आफिसात कॉम्पुटर हाय. तितं काय जमलं तर बघ."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मावशी, पोलिसात जाऊ. हैबतकाकांना सांगा."

"त्येंना सांगितलं. म्हनले, तुला भास झाला. संसारात भांड्याला भांडं लागतंच. आन् संध्याकाळी त्येंनी सोताच जावयाला फोन लावून इचारलं, काय वो, समदं बरं हाय ना? त्या दिवसापास्नं पोरीचा फोन बंद झाला." तिनं जुडगा उचलला. "पोरगी शहाणी हाय. ती म्हनती तसंच करायचं. मला फकस्त एक जागा पायजे, जितं ती लिवंल आन् मी वाचंन. तिसरा न्हाई. तू बी न्हाई."

खरं सांगते, मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचे. गावात मला 'कॉम्प्युटरवाल्या वहिनी' म्हणायचे ना! मी फटाफट एक खातं उघडायला घेतलं. मावशी शेजारी बसून प्रश्न विचारत होती आणि मी उंटावरून शेळ्या हाकत होते.

"ह्ये घर कुनाचं?"

"कंपनीचं. फुकट असतं."

"फुकट कसं? मी खोली फुकट देते का? बरं. दुसरी किल्ली कुनाकडं?"

"कुणाकडं नाही हो. पासवर्ड फक्त आपल्याला माहीत."

"आन् इसरलं तर?"

"विसरलं तर ते प्रश्न विचारतात. बरोबर उत्तर दिलं की उघडतं. हे बघा, जन्मतारीख, पिनकोड आणि एक गुपित प्रश्न. आईचं माहेरचं आडनाव काय?"

मावशी घुटमळली. "म्हंजी उत्तर ज्याला ठावं, त्याच्याकडं किल्ली?"

"अहो, तुमचं माहेरचं आडनाव कोण कशाला लक्षात ठेवतंय! खरं लिहा, नाहीतर तुम्हीच विसराल."

आणि मीच माझ्या हातानं टाइप केलं, ढमाले. जन्मतारीख गौतमीची, खरी. खात्याचं नावही ठेवलं 'गौतमी' आणि पुढं 'आई'. दोघींचं मिळून एकच खातं. एकीनं पत्र लिहून त्याच पत्त्यावर पाठवायचं, दुसरीनं उघडून वाचायचं. मला वाटलं, काय डोकं चालवलंय मी.

पत्रं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहायची, कारण शाळेच्या कॉम्प्युटरवर दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, मी वाचून दाखवत जाईन. मावशीनं मान हलवली. "वाचून दाखवलेलं पत्र माजं कसं? मला शिकीव." अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. रोज दुपारी भांडीकुंडी आवरून यायची आणि जुईलीच्या अंकलिपीतली एबीसीडी गिरवायची. जुईली दुसरीत होती, ती चुका काढायची. "आजी, हा डी उलटा झाला!" मावशी खोडून पुन्हा काढायची. सव्वा महिन्यात ती 'aai' वाचायला लागली आणि डिसेंबर संपेपर्यंत अख्खी ओळ. मी बारावी शिकलेय, पण अशी चिकाटी माझ्या बापजन्मी पाहिली नाही.

आता पत्ता आणि पासवर्ड हैदराबादला कसा पोचवायचा? त्याचा घोर मला. मावशीला नव्हता. गौतमीची पहिली संक्रांत आली होती, तेव्हा काळी साडी आणि हलव्याचे दागिने पाठवणं आलंच. मावशीनं साडीला फॉल स्वतः लावला आणि फॉलच्या आत चिठ्ठी शिवली. साडी पोचल्यावर जावयाच्याच मोबाइलवर, तो ऐकत असताना, लेकीला म्हणाली, "फॉलचे टाके कच्चे हायेत गं. नेसायच्या आधी उसवून नीट घाल." बाप्या माणसाला फॉल काय असतो ते तरी कळतं का? चार दिवसांनी गौतमीचं पहिलं पत्र आलं. मावशीनं मला उठून बाहेर जायला सांगितलं, माझ्याच दुकानातून! मी गेले. काचेतून बघितलं, तर ती बोट पडद्यावर टेकवून एकेक अक्षर वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका मंगळवारी पासवर्ड चालेना. तीनदा टाकला, चालेना. मी म्हटलं, अक्षर चुकत असेल. मावशी म्हणाली, "चुकत न्हाई." तेवढ्यात हैबतराव तरातरा रस्ता ओलांडून आले. एरवी कधी दुकानाची पायरी न चढणारा माणूस आत येऊन गरजला, "तू पोरीचा संसार मोडायला बसलीस व्हय हितं? रोहितरावांचा फोन आलता. चोरून पत्रं लिवताय! पोरीला कपाटाची किल्ली शोधायला शिकिवतीस? लाज न्हाई वाटत? आजपास्नं ह्या दुकानात पाऊल टाकायचं न्हाई!"

"गाळा माजा हाय," मावशी म्हणाली. "बघायला यावंच लागंल."

बाकीचं हैबतरावांच्याच तोंडून कळलं. रोहित शाळेत गौतमीला न्यायला लवकर गेला होता, त्यानं पडद्यावर वर लिहिलेलं खात्याचं नाव वाचलं आणि घरी जाऊन खातं उघडलं. पत्रं वाचली, पासवर्ड बदलला, कपाटाचं कुलूप बदललं. गौतमीचा पगार त्याला हवा होता म्हणून शाळा बंद केली नाही, एवढंच. पोरीचं पुढं काय झालं असेल, हे आम्ही दोघी एकमेकींना विचारत नव्हतो.

मी माझं घोडं पुढं दामटतच होते. "सॉफ्टवेअरवाला आहे ना मेला, केलं असेल काहीतरी. त्यांना सगळ्या युक्त्या येतात. आपण काय करणार?"

मावशीनं मला तिथंच अडवलं. "कुलूप फोडलंया का किल्लीनं उघडलंया, ह्ये मालकिनीला कळाया नगं?"

उत्तर आठ दिवसांनी माझ्याच प्रिंटरमधून बाहेर आलं. कोंडाजी म्हणून आमच्या आळीतले एक गृहस्थ, त्यांच्या मुलीचा बायोडाटा करायचा होता. मी नेहमीसारखी गौतमीची फाइल उघडली, की त्यातच नावं बदलायची. नमुन्याला म्हणून तोच कागद आधी छापला. मावशी प्रिंटरजवळ उभी होती. तिनं तो उचलला आणि वाचायला लागली. वाचता वाचता खाली बसली.

"उत्कर्षे, हिकडं ये. जन्मतारीख. जन्मवेळ. जन्मठिकाण. शाळा. घरचा पत्ता, पिनकोडासकट. देवक. मामा, अमुक अमुक ढमाले." तिनं कागद माझ्यापुढं धरला. "दुसरी किल्ली कुनाकडं म्हनून मी तुला इचारत हुते. आपुनच छापली की गं. शंभर परती काढून वाटली. वर गनपती घालून."

 अख्खा बायोडाटाच गुपित प्रश्नांच्या उत्तरांचा कागद होता! मुलीच्या लग्नासाठी तिची सगळी कुंडली आपण अनोळखी घरांत वाटतो आणि तीच उत्तरं पुढं कुलपाला लावतो. रोहितला सॉफ्टवेअरची कसली युक्ती लागली नव्हती, कपाटातून सासऱ्यानं दिलेला कागद काढला आणि बघून बघून भरलं. तो कागद मी टाइप केला होता. ते उत्तरही मीच टाइप केलं होतं. मी तिथंच तोंडात पदर घालून रडले. मावशीची माफी मागायलाही मला तोंड नव्हतं.

"रडून काय उपेग?" मावशी म्हणाली. "चूक माजी बी हाय, मला वास आलता. ऊठ. दुसरं काढ. ह्या येळंला मी निवडनार."

आणि तिनं निवडलं, भाडेकरू निवडतात तसं. तीन-चार कंपन्यांची खाती मी पडद्यावर उघडून दाखवायची आणि ती एकच विचारायची, "दुसरी किल्ली कुनाकडं?" एक कंपनी आधीसारखीच जन्मतारीख मागत होती, ती बाद. दुसरीत खाली आपला मोबाइल नंबर द्या म्हणत होते. मोबाइल हैबतरावांच्या खिशात, म्हणून तीही बाद. वरच्या खोलीत अकोल्याचा मनीष राहायचा, हिंजवडीला कामाला होता. भला पोरगा. त्यानं सांगितलं, मावशी, मी माझ्या ऑफिसातून तुम्हाला पत्ता काढून देतो, एकदम पक्का.

"तुज्या हापिसातल्या कुनाला त्यो उघडता येतुया का?"

मनीष चाचरला. "म्हणजे, आमचा ॲडमिन असतो, तो मनात आणलं तर... पण तो कशाला बघेल?"

"मी बी कवा बघत न्हाई," मावशीनं जुडगा वाजवला. "नगं, बाबा."

पण मनीषनं एक शहाणपणाची गोष्ट शिकवली. बऱ्याच ठिकाणी पासवर्ड टाकताना तेवढं कुलपाचं चित्र दिसायचं आणि पत्र वाचताना नाहीसं व्हायचं. म्हणजे पत्र वाटेनं उघडंच जायचं. मावशीला हे लगेच पटलं. "दाराला कुलूप आन् खिडकी सताड!" शेवटी एक जागा सापडली. तिथं कुलूप शेवटपर्यंत राहत होतं आणि गुपित प्रश्न आपला आपण लिहिता येत होता. मी म्हटलं, असा प्रश्न घालू, जो बायोडाट्यात नाही.

"न्हाई. त्योच घाल. आईचं माहेरचं आडनाव."

"मावशी! पुन्हा तेच?"

"त्याला येतंय असं त्याला वाटू दे. बसू दे ढमाले लिवत. खरं उत्तर द्यायला ह्ये काय कोर्ट हाय?" तिनं मला खुर्चीवरून उठवलं. "त्वांड फिरीव."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं एका बोटानं टक, टक, टक चाललं होतं. आयुष्यात कुणी मला इतक्या प्रेमानं हाकललं नव्हतं. जन्मतारीखही तिनं अशी घातली, की त्या हिशोबानं गौतमी आईपेक्षाच दहा वर्षांनी मोठी. खात्याचं नाव ठेवलं 'इंद्रायणी तांदूळ'. पडद्यावर दिसलं तरी कुणीतरी मुळशीचा तांदूळवाला म्हणून सोडून देतील. दर वेळी काम संपलं की खातं बंद करायचं, कॉम्प्युटरनं 'लक्षात ठेवू का' विचारलं की नाही म्हणायचं, हे सगळं तिनं माझ्याकडून घोकून घेतलं आणि बारीक अक्षरात चिठ्ठीवर लिहिलं, लेकीसाठी.

गुढीपाडव्याला दुसरी साडी गेली. मागनं कळलं, की रोहितनं ते पार्सल स्वतः फोडलं, साडीची घडी मोडून झटकली, ब्लाउजपीस उलटं करून बघितलं, साखरेच्या गाठीसुद्धा मोडून बघितल्या. फॉलला मात्र हात लावला नाही. फॉलचं नाव आम्ही कुठल्याच पत्रात काढलं नव्हतं ना! मावशी फोनवर पुन्हा तेच म्हणाली, टाके कच्चे हायेत गं.

अकरा दिवस काही आलं नाही. मावशी रोज यायची, उघडायची, रिकामं बघायची, बंद करायची. "उद्या येईल," म्हणायची आणि उठायची. बाराव्या दिवशी पत्र आलं. ते तिनं मला दाखवलं, कारण त्यात दोनच शब्द होते. 'तांदूळ पोचला.' आम्ही दोघी गळ्यात गळा घालून नाचलो आणि गिऱ्हाईकं बघत राहिली.

आता प्रश्न राहिला सर्टिफिकिटांचा. नव्या कुलपाची किल्ली रोहितच्या गळ्यातल्या साखळीत. त्याला तोड मावशीनंच काढली. "मी भाडेकरूकडं मागते, तशी तिच्या शाळंनं मागावीत." गौतमीनं हेडबाईंच्या कानावर सगळं घातलं. बाई सज्जन निघाली. तिनं शाळेच्या कागदावर पत्र दिलं, की कायमची नेमणूक करायची आहे, मूळ प्रमाणपत्रं तपासणीसाठी जमा करावीत. कायमची नेमणूक म्हटल्यावर पगार वाढणार. रोहितनं आपल्या हातानं कुलूप उघडलं आणि आपल्या हातानं फाइल बायकोला दिली. ती फाइल एप्रिलभर हेडबाईंच्या कपाटात राहिली.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, अशी रीत. मावशी नवऱ्याला म्हणाली, "जावयाला धोंड्याला बोलवा." हैबतराव हरखले. "आता कशी सुधी झालीस!" म्हणाले आणि पंचवीस वेळा फोन करून आग्रह केला.

जूनच्या पहिल्या रविवारी दोघं आले. मी सकाळपासून अनारसे तळायला होते. गौतमी आत आली. वाळलेली होती. तिनं आईला नुसतं एवढंच सांगितलं, "फाइल माझ्या बॅगेच्या तळाला आहे." मावशीनं मान हलवली आणि पुरण वाटायला घेतलं. माझ्या हातातला झारा दोनदा कढईत पडला.

जावई पाटावर बसला. रांगोळी, चांदीचं ताट, उदबत्ती. हैबतराव स्वतः तूप वाढत होते. सासूनं औक्षण केलं, वाण दिलं, काही कमी केलं नाही. जेवण झालं, विडा झाला. रोहित उठून म्हणाला, "चल गौतमी, उन्हं उतरायच्या आत चांदणी चौकात पोचू."

गौतमी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मावशी म्हणाली, "ती येनार न्हाई. हितंच ऱ्हाईल."

हैबतराव तांब्या खाली ठेवून ओरडले, "काय बोलतीस? सणासुदीला जावयाचा अपमान करतीस?"

रोहितला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तो हसलाच. आपल्या बॅगेतून कागदांची गुंडाळी काढली आणि सासऱ्यापुढं ठेवली. "बाबा, मी हे तुम्हाला दाखवायलाच आणलं होतं. तुमच्या बायकोनं तुमच्या मुलीला काय शिकवलंय बघा. तुम्हाला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, मी वाचतो." आणि त्यानं वाचलं. "पोरी, कागदं कपाटात कुठल्या खणात हायेत ते बघून ठेव. किल्ली कुठं ठेवतो ते बघ. मिळाली की तडक निघून ये. बापाला विचारू नको." कागद खाली करून तो म्हणाला, "बघितलंत? कोणाचा संसार टिकेल?"

हैबतरावांचं तोंड लाल झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून मला तो कागद दिसत होता. अर्धा नाही, पूर्ण भरलेला. आणि माझ्या लक्षात आलं. ते मावशीचं उत्तर होतं. उत्तर लिहिलं, की ज्या पत्राला उत्तर दिलं ते पत्र खाली बारीक अक्षरात आपोआप चिकटतं. यानं वरचं बघून छापलं होतं आणि खाली काय चिकटलंय याकडं लक्षच दिलं नव्हतं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मावशीच्याही लक्षात आलं. "खालचं वाच," ती म्हणाली. जावयाला तिनं पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"खाली काही नाही."

"खालचं वाच!"

तो कागद गुंडाळायला लागला, तोवर तिनं तो ओढून घेतला. चष्मा नव्हता. तिनं कागद लांब धरला, बोट टेकवलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली, दुकानात वाचायची तसं. फरक इतकाच, की या वेळी मोठ्यानं.

"आई, रविवारी त्यांनी मला दुपारभर गॅलरीत कोंडलं. भाजी खारट झाली म्हणून. फार ऊन होतं. समोरच्या बायका बघत होत्या, म्हणून मी वाळलेलेच कपडे काढून परत वाळत घालत राहिले. पाणी मागितलं तर आतून टीव्हीचा आवाज मोठा केला. पाठीला लाव म्हणून तू दिलेलं तेल संपलं. आई, बाबांना सांगू नको. त्यांना वाटतं मी सुखात आहे. त्यांना तसंच वाटू दे."

वाचून झालं. मावशीनं कागद हैबतरावांच्या मांडीवर ठेवला. "मला भास झाला म्हनला हुता. ह्यो भास तुमच्या जावयानंच छापून आनलाय."

हैबतरावांनी कागद उचलला. त्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, तरी ते बघत राहिले. मग लेकीकडं बघितलं. "वाळलेलेच कपडे?" एवढंच म्हणाले. गौतमीनं मान डोलावली. तो माणूस ढसाढसा रडला, आमच्या सगळ्यांसमोर, तो कागद हातात तसाच.

रोहित काहीतरी पोलीस, वकील, समाज असं बोलत होता. हैबतराव उठले. डोळे पुसले नाहीत. रोहितची बॅग उचलून अंगणात नेऊन ठेवली, आणि परत येऊन दाराशी उभे राहिले. "रोहितराव, एस्टी पाच वाजता हाय. स्टॉपवर थांबा. हितं न्हाई थांबायचं." मग आत वळून म्हणाले, "गौतमे, तुजी बॅग माळ्यावर टाक. लई दिस ऱ्हायचं हाय."

पुढं कोर्टात वर्षं गेली, ती जातातच. तो छापलेला कागद वकिलानं पहिल्याच तारखेला दाखल केला. त्याच फाइलीतल्या सर्टिफिकिटांवर गौतमी पिरंगुटच्या एका शाळेत कारकून म्हणून लागली. तिला बापाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, उलट पहिल्या पगारातून तिनं बापाला चष्मा केला.

मी माझी वही त्याच आठवड्यात फाडली. ज्याचं पान त्याला नेऊन दिलं. लोकांनी शिव्या घातल्या, "वहिनी, आता ध्यानात कोन ठेवनार?" मी म्हटलं, ज्याचं घर त्यानं किल्ली सांभाळावी. गुपित उत्तर खरं द्यायचं नाही, हेही मी प्रत्येकाला दटावून सांगायचे. बायोडाटा टाइप करताना तर आधी दटावायचे.

मावशीचं ते खातं अजून चालू आहे, गौतमी समोर राहत असली तरी. २०१०च्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले, तेव्हा लाडात येऊन मी विचारलंच, "मावशी, आता तरी सांगा. आईचं माहेरचं आडनाव काय लिहिलं होतं हो?"

मावशीनं तिळगूळ माझ्या तोंडात कोंबला. "का गं," म्हणाली, "दुसरी किल्ली मागतीस व्हय?"